दूध ओतून दिलं, शेणाचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात सेंद्रिय शेती आणि शेणखताच्या वाढत्या भावाबद्दल छापून आलं होतं. शेणखत म्हणजे निर्मळ आणि पोत्यातलं खत म्हणजे विष, अशी सरळ वाटणी होती त्यात. वाचून हसू आलं, थोडं वाईटही वाटलं. माझ्या गायरीत (शेणखताच्या खड्ड्यात) शेणाबरोबर आणखी काय काय पडतं ते गेल्या श्रावणापासून मला चांगलं ठाऊक झालंय. त्याबद्दल हे पत्र. लांबलं आहे. कापायचं झालं तर माझं रडगाणं कापा, पण कोरफड-हळदीचा भाग ठेवा.

मी गुहागर तालुक्यात जयगड खाडीच्या अंगाला राहते. दारात दोन म्हशी, एक जर्सी आणि दोन गावठी गायी. (या गावठी गायींना २०१८ साली ‘कोकण कपिला’ असं सरकारी नाव मिळालं. त्यांना त्याचं काही नाही, त्या अजून ‘हैक’ म्हटलं तरच वळतात.) घरामागच्या परड्यात दोन घनमीटरचा गोबरगॅस आहे. त्याला रोज पन्नासेक किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. गॅस झाल्यावर डोममधून (टाकीतून) बाहेर पडणारी स्लरी पाटाने माडांना आणि भाजीच्या वाफ्यांना जाते. उरलेलं शेण, गोठ्यातला केर, पातेरा, चुलीतली राख, सगळं गायरीत. सासूबाई असंच करत होत्या, त्यांच्या सासूबाईही.

श्रावणात थोरल्या म्हशीची कास दगडावली. डॉक्टर त्याला कासदाह म्हणतात, आम्ही दगडी. एका सडातून दुधाऐवजी पिवळट पाणी आणि दह्यासारखे छाटे येत होते, हात लावू देत नव्हती. खाजगी डॉक्टर संध्याकाळी मोटारसायकलवरून भिजत आले. पाच दिवस इंजेक्शनं आणि सडात सोडायच्या ट्यूबा झाल्या. आठवड्याभरात धाकटीचीही तीच गत, तिलाही तेच. जाताना डॉक्टर म्हणाले, “वहिनी, चार दिवस दूध घेऊ नका.” बस. पुढे काही नाही, आणि मीही विचारलं नाही.

दूध घेतलं नाही, पण फेकवेना. आपल्याकडे दूध फेकायचा हात होत नाही. निम्मं पारडाला (रेडकाला) पाजलं, निम्मं गायरीत ओतलं. पाचव्या दिवशी घरापुरतं दूध तापवून विरजण लावलं. सकाळी झाकण काढते तर दूध तसंच पातळ, वर साय. वाटलं विरजण मेलं. शेजारच्या काकींकडून वाटीभर आणलं. पुन्हा तेच. मग त्याच वाटीतलं चमचाभर गावठी गाईच्या दुधाला लावलं, तर सकाळी सुरीने कापावं असं दही. तेव्हा कळलं की खोट विरजणात नाही, म्हशीच्या दुधात आहे. दही लावणारे जंतूच त्यात जगत नव्हते. डॉक्टरांना फोन केला तर हसले. “औषध उतरायचं असेल अजून. सात दिवस थांबा.” मग आधी चार का सांगितले, हे विचारायचं तोंडावर आलं होतं. पण रात्री-अपरात्री येणारा माणूस हा एकच आहे आमच्याकडे.

दही समजलं. गॅसचं समजायला उशीर लागला. गणपतीच्या आधी आठवडाभर शेगडीची ज्योत उतरली. सकाळचा चहा होतोय तोवर गॅस संपायचा. हे म्हणाले, पाऊस लागलाय, गार हवेने गॅस कमी होतो. खरं आहे, दरवर्षी थोडा कमी होतोच. पण दहा-बारा दिवस चहासुद्धा होईना असं एकोणीस वर्षांत पहिल्यांदा झालं. गणपतीचे मोदक सिलिंडरवर उकडले. कुंडीत शेण कालवताना एक दिवस डोक्यात आलं की डोमच्या आत तरी दुसरं काय आहे? तेही एक विरजणच. शेणातल्या जंतूंनी आंबवायचं आणि गॅस सोडायचा. दुधात पाच दिवसांनीसुद्धा दही लागू न देणारं औषध शेणातून त्या डोममध्ये जात असेल, तर तिथले जंतू काय सुखात असणार?

माझा भाचा मुंबईत पशुवैद्यकीचं शिकतो. त्याला विचारलं तर म्हणाला, मावशी, तू बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. जनावराला दिलेलं अँटिबायोटिक (तुमच्या पेपरातलं ‘प्रतिजैविक’) सगळं अंगी लागत नाही. टेट्रासायक्लिनसारख्या औषधाचा निम्म्याहून अधिक भाग कित्येकदा जसाच्या तसा शेणामुतातून बाहेर येतो. पुढे त्याचं काय होतं ते औषधावर आहे. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं नाजूक, काही दिवसांत मोडतात. टेट्रासायक्लिन शेणाला आणि मातीला चिकटून बसतं. आणि आमच्या म्हशींना टोचलेलं एन्रोफ्लॉक्सासिन सगळ्यांत चिवट, मातीत महिनोन्‌महिने निघतं. त्याचा काही भाग तर जनावराच्या अंगातच सिप्रोफ्लॉक्सासिन होऊन जातो. हे दुसरं नाव मी ओळखते. आमच्या फडताळातल्या गोळ्यांच्या डब्यात आहे ते.

गायरीत पडलेलं औषध इतकं थोडं असतं की सगळे जंतू त्याने मरत नाहीत. दुबळे मरतात, दांडगे उरतात, आणि मोकळी झालेली जागा दांडग्यांची पिलावळ भरून टाकते. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण विरजण मागायला आपण वाटी घेऊन शेजारी जातो ना, तसे हे जंतू औषधाला पुरून उरायची युक्ती एकमेकांना देतात. प्लाझ्मिड नावाचं एक बारीकसं कडं असतं, त्यावर ती युक्ती लिहिलेली. जात नाही, कूळ नाही. म्हशीच्या पोटातला मातीतल्याला देईल, मातीतला माणसाच्या पोटातल्याला. काकी विरजण देताना निदान “सोवळ्यातलं आहे गो” एवढं तरी म्हणतात. आणि औषध मोडून नाहीसं झालं तरी युक्ती मागे राहते. हे मला सगळ्यांत भारी वाटलं. म्हणजे गायरीत औषध सापडलं नाही म्हणून गायरी स्वच्छ, असंही म्हणता येत नाही.

ही कल्पनेतली भीती नव्हे. कोलिस्टिन नावाचं औषध डॉक्टर मंडळी माणसांसाठी अगदी शेवटचं म्हणून राखून ठेवतात. त्याला न जुमानणारी अशीच एक फिरती युक्ती चीनमध्ये डुकरांत सापडली आणि २०१५ साली जगाला कळली. आपल्याकडे कोंबड्या पोसायला तेच औषध खाद्यातून जात होतं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाण्यासाठी पाळलेली जनावरं, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्य या सगळ्यांत त्याला बंदी केली. चांगलंच केलं.

आता घरातलं. माझे सासरे चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. लघवीची नळी बसवावी लागली, मग ताप. चिपळूणला नेलं. लघवीची तपासणी करून तीन दिवसांनी कागद आला. त्यावर औषधांची उभी यादी आणि प्रत्येकासमोर ‘आर’ नाहीतर ‘एस’. आर म्हणजे जंतू दाद देत नाही, एस म्हणजे देतो. मी बोट ठेवून खाली येत गेले. सिप्रोफ्लॉक्सासिन, आर. सेफ्ट्रिअॅक्सोन, आर. आर, आर, आर. खाली उरलेल्या तीन-चार औषधांना फक्त एस. सहा दिवस दवाखान्यात ठेवून सुया दिल्या. आकडा लिहीत नाही, एक पाडी विकली एवढं सांगते. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात अँटिबायोटिक कोण जास्त घेतं? मी म्हटलं, म्हशी. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

उगाच ओढूनताणून बोलायचं नाही मला. म्हशीच्या शेणातला जंतू उठून थेट सासऱ्यांच्या नळीत शिरला असं मी म्हणत नाही. म्हातारं माणूस, नळी, आधी खाल्लेल्या गोळ्या, दवाखान्यांच्या वाऱ्या, कारणं बरीच आहेत. पण त्या कागदावरची नावं आणि आमच्या गोठ्याच्या खुंटीला टांगलेल्या पिशवीतली नावं मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. दोन तंतोतंत जुळली, तिसरं चुलतभाऊ निघालं.

घाटावरच्या मंडळींना हे वाचून वाटेल की त्यात काय मोठंसं. त्यांनी एकदा जुलैत इकडे यावं. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आमच्याकडे. जमीन जांभ्याची, भोकाभोकांची. वर टाकलेलं पाणी गाळून-बिळून न घेता सरळ खाली सोडते. घर वरच्या चौथऱ्यावर, बाजूला गोठा, गोठ्यामागे गायरी, आणि उतारावर परड्यात विहीर. आमचीच नव्हे, वाडीतल्या बहुतेक घरांची हीच मांडणी. उन्हाळ्यात तीस हात खोल गेलेलं पाणी जुलैत कठड्याशी येतं, लवून कळशी बुडवता येते. त्याच जुलैत गायरी काठोकाठ भरून तांबडं-काळं पाणी बांधावरून वाहत असतं. ते पऱ्ह्याला मिळतं, पऱ्ह्या खाडीला. पाऊस ओसरला की ओहोटीला आम्ही बायका त्याच खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढायला उतरतो. तिसरी म्हणजे दिवसभर पाणी गाळत बसलेला जीव, पाण्यातले जंतू ती आपल्यात साठवते. एकशिपी (तिसऱ्यांचं कालवण) करताना आता मी दोन कढ जास्त देते. पिण्याचं पाणी तर गेल्या वर्षापासून उकळूनच.

गोबरगॅस आहे म्हणजे शेणाची प्रक्रिया झाली, असा माझा पक्का समज होता. गावात बहुतेकांचा आहे. पण आपल्या डोमचं पाणी कोमट असतं, बाहेर जेवढी हवा त्याच्या आसपासच. रोगजंतू कमी होतात हे खरं, पण ती युक्तीवाली कडी त्यातून बरीचशी पार होतात, आणि चिवट औषधही स्लरीतून बाहेर येतं. ती स्लरी मी कोथिंबिरीला घालत होते. कोथिंबीर आपण शिजवत नाही.

गायरीचंही तेच. कोकणातली गायरी म्हणजे खड्डा. पावसाने भरतो, आत हवा नाही, म्हणून शेण थंड कुजतं. जंतू आणि टेट्रासायक्लिन दोन्हींना मोडायचं तर ढीग तापावा लागतो, पंचावन्न अंशांच्या पुढे, तोही एखादा दिवस नव्हे, चांगले बरेच दिवस, आणि वरखाली करून, म्हणजे कडेचं शेणही मध्ये येऊन तापेल. एन्रोफ्लॉक्सासिन त्यानेही पूर्ण जात नाही, हे भाच्याने बजावून सांगितलंय. तरी थंड गायरीपेक्षा कितीतरी बरं.

तापता ढीग करायचा ठरवला तर पहिला साफ फसला. गोठ्याच्या मागे जांभ्याच्या चिऱ्यांचा ओटा केला, वर चार खांब आणि जुने पत्रे. शेण रचलं, ताडपत्री घातली. आठ दिवसांत घाण वास, अळ्या, नुसता चिखल. हे म्हणाले, बाईसाहेबांची प्रयोगशाळा. चूक अशी झाली की मी नुसतं शेण रचलं होतं. दुसऱ्या खेपेला शेणाच्या थरावर सुका पातेरा, भाताचं तूस, मोडका पेंढा असे जाड थर दिले. कमरेच्या वर उंची केली. मुठीत दाबलं तर पाणी गळू नये, पण मूठ ओली व्हावी, इतपतच ओल. चौथ्या दिवशी पहाटे ढिगातून वाफ निघत होती. लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढली तर हातात धरवेना. तीच आमची मापपट्टी. आठ-आठ दिवसांनी वरखाली करतो, सळई निवली की खत बाजूला रचून मुरायला ठेवतो. पहिल्यांदा वाफ निघाली तेव्हा ह्यांनीच शेजाऱ्यांना बोलावून दाखवली, प्रयोगशाळेचं नाव न घेता.

आता जनावर औषधावर असेल तर त्याचं शेण-मूत गोबरगॅसला नाही, भाजीला नाही. दूध जितके दिवस टाकायचं तितके दिवस शेणही वेगळ्या ढिगात, वेगळ्या घमेल्याने. घमेल्याला निळा रंग लावलाय, गड्याला वाचता येत नाही म्हणून. त्या ढिगाचं खत फक्त माडांना आणि कलमांना. पारडाला ते दूध पाजणं बंद. त्याने पारडाच्या पोटात लहानपणापासूनच हे दांडगे जंतू पोसले जातात, हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

गड्यावरून आठवलं. वैशाखात गायरी उपसताना त्याच्या तळपायात सुई गेली. गायरीतली सुई, म्हणजे आमचीच. मग खोऱ्याने हळूहळू सगळं उकरलं. टोपलीभर निघालं. सतरा बाटल्या, त्यातल्या तीन निम्म्याहून भरलेल्या, ट्यूबांच्या नळ्या, दोन सुया. लेबलं कुजली होती, एकावरची तांबडी रेघ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशी खूण, तेवढी शाबूत. त्यातल्या काही २०२२ च्या असणार. त्या वर्षी लम्पी आला तेव्हा वाडीत जनावर दिसलं की सुई अशी गत होती. लम्पी विषाणूचा, त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. जखमा चिघळल्या तर द्यावं लागतं ते वेगळं. पण आम्हीच डॉक्टरांच्या मागे लागायचो, काहीतरी टोचा हो, म्हणून. दवाखान्यातल्या सुया-बाटल्यांना २०१६ पासून जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत, जनावरांचे दवाखानेही त्यात येतात. गोठ्यात रिकाम्या झालेल्या बाटलीला नियम कोणी विचारत नाही, तिला गायरी आहे.

कायद्यात सगळंच नाही असं नाही. २०१२ पासून जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर दूध, अंडी, मांस किती दिवस घ्यायचं नाही ते छापावं लागतं. कंपनीने ते तपासून ठरवलेलं नसेल तर दूध-अंड्यांना किमान ७ दिवस आणि मांसाला २८ दिवस. आमच्या डॉक्टरांनी चार सांगितले होते. २०१८ साली देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले गेले, त्यातल्या ७७ मध्ये अँटिबायोटिक मर्यादेच्या वर निघालं. फार नाहीत, मान्य. पण दुधाचं निदान कोणी मोजलं तरी. खत नियंत्रण आदेशात विकाऊ कंपोस्टमध्ये शिसं, कॅडमियम, पारा किती चालेल ते लिहिलंय, अँटिबायोटिकला रकाना नाही. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात किती अँटिबायोटिक चालेल याच्या मर्यादा २०२० च्या सरकारी मसुद्यात होत्या, २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गळाल्या. कारखान्याची ही कथा, तिथे माझी गायरी कोण विचारतो? कोळंबीच्या तळ्यात क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही अँटिबायोटिक चालत नाहीत, कारण बाहेरचं गिऱ्हाईक तपासून माल परत पाठवतं. आपलं शेण काही युरोपात जात नाही.

गिधाडांचंही असंच होतं. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध टोचलेलं ढोर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडं मरायची. २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं, तोवर गिधाडं जवळजवळ संपली होती. आमच्या उत्तरेला म्हसळ्याकडे, चिरगावच्या बाजूला लोकांनी जपून काही राखलीत. पण गिधाड दिसेनासं झालं हे कोणाच्याही ध्यानात येतं. जंतू माजलेला दिसत नाही, तो चिपळूणच्या कागदावर आर होऊन येतो.

कोंबडीखताबद्दल दोन शब्द. आंब्या-काजूच्या बागांना घाटावरून ट्रकच्या ट्रक येतात. चाळीसेक दिवसांची एक बॅच, खाली तूस, त्यावर विष्ठा. पाण्यातून औषध द्यायचं तर एका आजारी कोंबडीसाठी अख्ख्या शेडला द्यावं लागतं, आणि खाली उतरतं ते सगळं तुसात. युरोपात नुसतं वजन वाढवायला खाद्यात अँटिबायोटिक घालणं २००६ पासून बंद आहे. इथे गोणीवर नत्र-स्फुरद किती ते लिहितात, बॅचला काय दिलं ते लिहीत नाहीत. बागायतदारांनी निदान विचारावं, आणि ट्रक रिकामा झाला की खत तसंच आळ्यात न ओढता आधी झाकून तापवावं. माशाही कमी होतील.

आता तो हळदीचा भाग. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कासदाहासाठी हा उपाय सांगतं, मी केलाय. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम, काटे काढून मिक्सरमध्ये वाटायचं. तांबडा लगदा होतो. कास पिळून, धुऊन घ्यायची, मूठभर लगदा पाण्यात पातळ करून सगळ्या कासेला चोळायचा, दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. आठ-दहा वेळा म्हणजे काय, ते करणाऱ्या बाईलाच कळेल. माझ्या हाताची बोटं महिनाभर पिवळी होती. मार्गशीर्षात धाकटीची कास पुन्हा जरा कडक लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी हे सुरू केलं आणि सुई लागली नाही. थोरलीसारखी गत झाल्यावर मात्र यावर विसंबू नये, डॉक्टर बोलवावेत. औषध लागतं तेव्हा लागतंच, मी औषधाच्या विरोधात नाही. दुसरं म्हणजे धार काढल्यावर अर्धा तास सडाची भोकं उघडी असतात, तेवढ्यात जनावर शेणात बसलं की दगडी आलीच. म्हणून वैरण धार काढल्यावर घालायची, म्हणजे खात उभं राहतं. इतकी साधी गोष्ट, आणि मी एकोणीस वर्षं धारेच्या आधी वैरण घालत होते.

मागणं मोठं नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी, सरकारी असोत की खाजगी, चिठ्ठीवर एक ओळ वाढवावी. दूध इतके दिवस, शेण इतके दिवस. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या दारात बाटल्या-सुया परत घ्यायचा एक डबा ठेवावा आणि तो दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर जावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आमच्यासारख्या चार वाड्यांतल्या गायऱ्या, स्लरी आणि विहिरी एकदा पावसाआधी आणि एकदा भर पावसात तपासाव्यात. नमुना आमच्या परड्यातून न्या, चहा देईन, गोबरगॅसवरचा. आणि ग्रामपंचायती खड्ड्यांना जे पैसे देतात त्यातले थोडे ओट्याला आणि पत्र्याला द्यावेत. कोकणात पत्र्याविना ढीग तापणार नाही, पंचवीस वर्षांचा पाऊस पाहिलेली बाई सांगतेय.

माझं नाव छापू नये. आमचे डॉक्टर माणूस म्हणून वाईट नाहीत, भर पावसात येतात, पैशांसाठी अडत नाहीत, आणि त्यांनी हे वाचून येणं बंद केलं तर पुढची म्हैस अडली की मी कोणाकडे पाहू?

आपली,
एक म्हैसवाली,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी

ता. क. औषध दिल्यावर मी आता रोज त्या म्हशीच्या दुधाची एक वाटी वेगळी विरजते. थोरलीची नवव्या दिवशी लागली. वाटी लागली म्हणजे दूध अगदी स्वच्छ झालं असं धरू नये, थोडं औषध असलं तरी दही लागू शकतं, म्हणून वेष्टनावरचे दिवस मोजायचेच. पण दिवस भरूनही वाटी लागली नाही तर ते दूध घरात, डेअरीला, पारडाला, कुठेच देऊ नये.